लाकडाच्या पट्ट्या आणि मुलांचे हात

मंडळी, लाकडाच्या पट्ट्या ओळीने मांडून त्यांवर काठीने वाजवायचे, असे एक वाद्य आफ्रिकेत फार जुने आहे. कुठे कुठे नाद घुमावा म्हणून पट्ट्यांखाली सुके भोपळे बांधतात. हे वाद्य युरोपातल्या शाळेत कसे शिरले, ती हकिगत शिक्षकबंधूंनी ऐकण्याजोगी आहे.

जर्मनीत म्युनिक शहरी 1924 साली डोरोथे गुंथर या बाईंनी व्यायाम आणि नृत्याची शाळा काढली. संगीताची बाजू कार्ल ऑर्फ या संगीतकाराकडे होती. आधी टाळी, चुटकी, मांडीवर थाप, पायाचा ठेका; वाद्य त्यानंतर, असा त्याचा क्रम. आफ्रिकेतला झायलोफोन हाती आला, तेव्हा त्या धर्तीवर त्याने कार्ल मेंडलर या कारागिराकडून सोपी वाद्ये घडवून घेतली.

पुढे युद्ध आले. 1944 मध्ये नाझी राजवटीने शाळा बंद केली आणि 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात इमारत जळाली, बहुतेक वाद्येही गेली. सगळे तिथेच संपायचे! पण 1948 साली बव्हेरियाच्या नभोवाणीने ऑर्फला विचारले, मुलांना स्वतः वाजवता येईल असे संगीत द्याल का? लाकडाचीसुद्धा टंचाई असलेले दिवस ते. तरी कार्यक्रम सुरू झाला, आणि ऐकणाऱ्या शाळा वाद्ये मागू लागल्या. मेंडलरचा शिष्य क्लाउस बेकर याने 1949 मध्ये त्यांचा कारखानाच काढला. 1950 ते 1954 या काळात पाच पुस्तके निघाली. गाजले ते ऑर्फचे नाव. पुस्तकांच्या जोडलेखिका गुनिल्ड केटमन मात्र मागे राहिल्या, हे मला बरे वाटत नाही.

या वाद्याची खरी गंमत म्हणजे पट्ट्या सुट्या असतात. मध्यम आणि निषाद काढून ठेवले, की उरतात सा रे ग प ध. अहो, हा तर आपला भूप! मग नवखे पोर कुठेही काठी मारो, कानाला फारसे खटकत नाही.

तुमच्या शाळेत झायलोफोन नसेल. पण लेझीम असेल, खंजिरी असेल, भजनाचे टाळ देवळातून मागून आणता येतील. आणि तेही नसले तर, गुरुजी, उद्याची हजेरीच ठेक्यात घेऊन पाहा. राम, गोविंद, चंद्रभागा. नावात जितकी अक्षरे, तितक्या टाळ्या. अर्ध्या वर्गाने पायाचा ठेका धरावा, अर्ध्याने नावे म्हणावीत. कोणी चुकले तर थांबवू नका. दोन नावे गेली, की पोर आपसूक ठेक्यावर येते.