मठातील रोजचा पेला

रत्नागिरीला लागून असलेल्या आमच्या मिरजोळ्यातही बोटीवरून सुट्टीस आलेला एखादा तरुण बेल्जियन बिअरची नवी बाटली कौतुकाने दाखवितो आणि म्हणतो, “फादर, ही तर संन्याशांची बिअर. ते रोज घेतात!” हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीला निम्मेच उतरते. उरलेले निम्मे आपल्या कुटुंबांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात मठवासीयांच्या पेयाचे माप दिले आहे: दिवसाला एक ‘हेमिना’ द्राक्षारस, म्हणजे अंदाजे पाव लिटर. दुसऱ्याचे माप आपण ठरवावे याचा त्यांना संकोच वाटतो. द्राक्षारस मठवासीयांसाठी नव्हेच, हेही ते नमूद करतात. पण आजच्या मंडळींना ते पटत नाही, तेव्हा निदान पोटभर पिऊ नये, असा त्यांचा समंजस सूर आहे. (हे आजच्या नव्हे, दीड हजार वर्षांपूर्वीच्या मंडळींविषयी!) फ्लँडर्सच्या थंड भूमीत द्राक्षमळे फारसे नव्हते, तेथे ही जागा जवाच्या बिअरने घेतली.

वेस्टमाले येथील मठाची कथा बोलकी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे परागंदा झालेल्या ट्रॅपिस्ट मठवासीयांनी तो १७९४ मध्ये स्थापन केला. ट्रॅपिस्टांना जेवणासोबत त्या त्या प्रदेशातील लोकांचे साधे पेय घेण्याची मुभा होती. पहिले मठाधिपती मार्टिन डोम यांनी मठातच बिअर तयार करण्याची सोय केली आणि १० डिसेंबर १८३६ रोजी दुपारच्या जेवणात ती प्रथम वाढली गेली. दारावर विक्री सुरू झाली ती १८६१ मध्ये. मठवासीयांच्या पानावरची ही बिअर आजही सौम्यच आहे. ‘एक्स्ट्रा’ या नावाच्या त्या बिअरमध्ये मद्यार्क ४.८ टक्के. कित्येक वर्षे ती मठाबाहेर फारशी मिळतही नसे.

मग जगभर गाजलेली कडक बिअर कोणासाठी? ती बाहेरच्यांसाठी. १९१९ मध्ये बेल्जियममध्ये वँडरव्हेल्ड यांच्या कायद्याने उपाहारगृहांतून कडक दारू देण्यास बंदी झाली. गिऱ्हाईक कडक चव मागतच राहिले आणि बिअर करणाऱ्यांनी ती बिअरमध्ये आणली. वेस्टमालेची ‘ट्रिपेल’ १९३४ ची. तिच्यात मद्यार्क ९.५ टक्के. म्हणजे तरुणाच्या हातातील बाटली बहुधा संन्याशांनी केलेली असते, पण त्यांच्या रोजच्या जेवणातली नसते.

कोकणात याची उलटी बाजू दिसते. आपले रोजचे पेय माडावरचे. पहाटे उतरविलेली गोड नीरा दिवस चढेल तशी आंबून माडी होते. माडावर चढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवाना आणि झाडावरील कर यांचा फास या व्यवसायाभोवती आवळला. माझ्या मते, घरच्या माडाची सौम्य माडी महाग व्हावी आणि भट्टीची दारू जवळची वाटावी, हा त्या धोरणाचा सर्वांत वाईट परिणाम. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यातही मिस्सेच्या द्राक्षारसासाठी वेगळी परवानगी ठेवावी लागली.

माडीचे एक काम मात्र पिण्याचे नव्हते. गोव्यातील पोदेर पोळी फुगविण्यासाठी पिठात माडीच घालीत. तिची जागा आता बहुतेक भट्ट्यांत यीस्टने घेतली आहे.