तांत, केस आणि गिटार

'गिटारच्या केसमधे सिलिका जेलची पुडी टाकून ठेव' हा आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला. जुलैतल्या मुंबईत तो अगदी बरोबर आहे. पण तशीच एक ताजी पुडी एप्रिलमधे पुण्यात टाकली तर? दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता 25 टक्क्यांच्या खाली सहज जाते, आणि लाकडात उरलासुरला ओलावाही ही पुडी ओढून घेते. गिटार बनवणारे साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता ठेवा म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुठे होते हे आकडे? तेव्हाही लोक गिटार वाजवतच होते की!

होते. पण तेव्हाच्या गिटारमधे आर्द्रता सांगणारी एक सोय आपोआपच असायची: तांत.

तांत म्हणजे जनावराच्या आतड्यापासून पीळ देऊन केलेली तार. आपल्या सारंगीला ती आजही असते. युरोपात गिटारच्या वरच्या तीन तारा तांतीच्या असत, आणि खालच्या रेशमाच्या गाभ्यावर धातूची तार गुंडाळलेल्या. तांत हवेतला ओलावा शोषून फुगते, तिचा पीळ बदलतो आणि सूर हलतो. वादकाला याचा वैताग यायचा, पण हवा बदलली हे त्याला लाकडाच्या आधी कळायचं. या गुणाचा लोकांनी वेगळा उपयोगही करून घेतला. जर्मनीत दोन दारांचं एक लाकडी खेळण्यातलं घर मिळतं. पाऊस येणार असेल तर छत्रीवाला बाप्या बाहेर येतो, हवा कोरडी असेल तर बाई. आतली फिरती पट्टी टांगलेली असते पीळ दिलेल्या तांतीवर. बस्स, एवढंच यंत्र!

या ओलाव्याचं नीट मोजमाप केलं जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यानं. त्यानं तांतीऐवजी माणसाचा केस वापरला. धुऊन तेलकटपणा काढलेला केस ओलाव्यानं लांबतो आणि कोरडेपणानं आखडतो. त्यावर बेतलेल्या हायग्रोमीटरचं वर्णन त्यानं 1783 साली प्रसिद्ध केलं. केसावर चालणारी ही यंत्रं पुढे विसाव्या शतकातही संग्रहालयांमधे वापरात होती.

पण गिटारवाल्यांना मोजायची गरज का पडली? कारण दोन गोष्टी थोड्याफार एकाच काळात बदलल्या.

पहिली म्हणजे तारा. 1833 साली सॅक्सनीतून अमेरिकेला गेलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या कंपनीनं 1920च्या दशकात आपल्या गिटार पोलादी तारांसाठी बांधायला सुरुवात केली. क्लासिकल गिटारवर तांत टिकून होती, पण दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तिची मागणी वाढली आणि वादकांना ती मिळेना. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या तारा केल्या, सेगोव्हियांनी त्या उचलून धरल्या आणि तांत गेली. सूर जास्त स्थिर झाला, पण आधी मिळणारी सूचना गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे घरं. थंड देशांत घरभर गरम हवा खेळवायची पद्धत रुळली. इथे थोडं गणित. बाहेर 0 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता आहे. तीच हवा पाणी न घालता 22 अंशांपर्यंत तापवा. गरम हवेत जास्त बाष्प मावतं, त्यामुळे आर्द्रता उरते जेमतेम 18-19 टक्के! बाहेर बर्फ आणि घरात वाळवंट.

गिटारची वरची फळी असते स्प्रूसची, तीनएक मिलिमीटर जाडीची. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ आखडत नाही, आडवं मात्र आखडतं. 38 सेंटिमीटर रुंदीची फळी 50 टक्क्यांवरून 20 टक्के आर्द्रतेत नेऊन पुरती सुकू दिली, तर ती सुमारे अडीच मिलिमीटर आखडू पाहते. पण कडेनं ती चिकटवलेली, आणि आतून आडव्यातिडव्या पट्ट्यांनी बांधलेली. आखडायला जागाच नाही. मग ती फाटते.

आर्द्रता ठरवून देणारं यंत्र मात्र संगीतासाठी जन्मलंच नाही. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते, कारण कागद ओलाव्यानं फुगायचा. 25 वर्षांच्या विलिस कॅरिअर या इंजिनिअरनं तिथे आर्द्रता 55 टक्क्यांवर धरून ठेवणारी यंत्रणा आखली. एअर कंडिशनिंगची सुरुवात ही अशी. पुढे वाद्यांच्या कारखान्यांनाही ठरावीक आर्द्रतेत काम करता आलं. 45 ते 55 हा आकडा त्यातलाच: गिटार ज्या हवेत जोडली, तशाच हवेत ती ताणाशिवाय राहते.

स्थिर हवेनं काय होतं, याचा मोठा पुरावा युद्धानं दिला. 1941 साली लंडनच्या नॅशनल गॅलरीनं आपली चित्रं वेल्समधल्या मॅनॉड इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली. बॉम्बपासून वाचवायला, बाकी काही हेतू नव्हता. आत 17 अंश तापमान आणि 42 टक्के आर्द्रता कायम राखली होती. आणि गंमत म्हणजे लाकडी फळ्यांवरच्या जुन्या चित्रांचे पोपडे निघणं जवळपास थांबलं! 1945 साली चित्रं लंडनला परतल्यावर ते पुन्हा सुरू झालं. त्यानंतर गॅलरीनं वातानुकूलन गांभीर्यानं घेतलं.

आपल्याकडे हीटर नाही, पण रात्रभर एसी आणि दिवसभर बंद खोली आहे. वर पावसाळ्यात फळी फुगून तारा उंच होणं आहेच. तेव्हा पुडी टाकायची की ओला स्पंज ठेवायचा, हे कॅलेंडरवरून ठरवू नका. एक स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि तो भिंतीवर नाही, गिटारच्या केसमधे ठेवा.

त्याच्यावरही आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत पाण्याचे थेंब टाका, आणि ते मीटरसोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. मीठ-पाण्याचं असं मिश्रण बंद जागेतली हवा 75 टक्क्यांवर धरून ठेवतं. सकाळी मीटरनं 70 दाखवलं, तर तो 5 नं कमी दाखवतोय, एवढं लक्षात ठेवायचं. टेस्ट केस म्हणून हे आपल्या लोकांना आवडायला हरकत नाही. करून बघा!