रेषेबाहेरचा उस्ताद

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या चौदा वर्षांखालच्या फुटबॉल संघाची जबाबदारी माझ्याकडे आली. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती आणि माझा आवाज ग्राउंडच्या त्या टोकापर्यंत पोहोचतो, हे मुख्याध्यापकांना ठाऊक होतं. माझी पात्रता एवढीच. बी.एड. आहे, पण त्यात फुटबॉल नव्हता.

आंतरशालेय स्पर्धेतला दुसरा सामना. एक-एक अशी बरोबरी, शेवटची काही मिनिटं उरलेली. उजव्या बाजूला बचावाला सातवीतला एक मुलगा होता, अंगानं बारीक, वर्गात कधी तोंड न उघडणारा. मी पहिल्या मिनिटापासून रेषेवर उभा राहून ओरडत होतो. ‘मागं जा’, ‘पुढं ये’, ‘पास दे’, ‘अरे तिकडं नाही!’ एकदा त्याच्या पायातून चेंडू निसटला आणि माझ्या तोंडून गेलं, ‘आंधळा हैस काय रे?’ आजूबाजूचे पालक हसले. पुढच्या वेळी चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा त्यानं चेंडूकडे पाहिलंच नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात समोरचा पोरगा चेंडू घेऊन गेला आणि गोल झाला.

सोमवारी मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दारात आला. हातात चार नंबरचा टी-शर्ट. धुतलेला, इस्त्री केलेला, चार घड्या घातलेला. ‘सर, ये किसी और को दे देव,’ एवढंच म्हणाला आणि गेला. त्या इस्त्रीनं मला जास्त लागलं. घरात कुणीतरी ती केली होती, म्हणजे घरात काहीतरी बोलणं झालं होतं.

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला मैदानाबाहेरून ओरडणं वेगळं शिकावं लागत नाही. इथं फुटबॉलचे संघच तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. शाहू स्टेडियमवर पेठेतला प्रत्येक माणूस प्रशिक्षक असतो. ही सवय मला वाटतं कुस्तीतून आली. खासबागच्या मैदानात वस्ताद हौद्याच्या कडेला उकिडवा बसतो आणि ‘पट काढ’, ‘ढाक लाव’ असं सांगत राहतो. वस्ताद हा शब्द उस्तादाचाच मराठी अवतार, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. पण कुस्तीत वस्तादाचं ओरडणं कामाचं असतं. त्याचा पठ्ठा एकच असतो, दहा-पंधरा फुटांवर असतो, आणि दोघं पकडीत अडकून श्वास घेत असतात तेव्हा ऐकायला थोडा वेळही असतो. फुटबॉलमध्ये बावीस जण, शंभर मीटरचं मैदान, आणि सूचना कानात शिरेपर्यंत चेंडू तिसऱ्याकडे गेलेला. आपण तालमीतला आवाज तसाच उचलून फुटबॉलच्या रेषेवर आणून ठेवला.

तो टी-शर्ट कपाटात ठेवल्यापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. पहिली गोष्ट कळली ती अशी, की प्रशिक्षकानं रेषेवर उभं राहून ओरडणं ही फुटबॉलची जुनी परंपराच नाही. विसाव्या शतकाचा बराचसा काळ रेषेवरून कोचिंग करायला नियमानंच मनाई होती. रेफ्रीनं ते चालू द्यायचं नाही, असा संकेत होता. प्रशिक्षकासाठी रेषेलगत आखलेली चौकट, जिला टेक्निकल एरिया म्हणतात, ती नियमात आली १९९३ साली. तेव्हासुद्धा अट अशी होती की एका वेळी एकानंच सूचना द्यायची आणि दिली की जागेवर जाऊन बसायचं. आज टीव्हीवर जे अखंड हातवारे दिसतात ते त्यानंतरचे. आता तर २०१९ पासून प्रशिक्षकालाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. ती वेळ का आली, ते सांगायला नको.

त्याहून गंमत डगआउटची. प्रशिक्षक आणि राखीव खेळाडू बसतात तो मैदानाकाठचा अर्धवट जमिनीत घेतलेला आडोसा. त्याचं श्रेय स्कॉटलंडच्या ॲबरडीन क्लबच्या डोनाल्ड कोलमन यांना दिलं जातं. काळ दोन महायुद्धांच्या मधला. कोलमन खेळाडूंच्या पावलांचे वेडे होते. पाय कसा पडतो, वजन कुठल्या बाजूला जातं, हे जमिनीच्या पातळीवरून नीट दिसावं आणि पावसात वही भिजू नये, म्हणून त्यांनी तो आडोसा करून घेतला. म्हणजे आज जिथून उडी मारून प्रशिक्षक बाहेर धावतो, ती जागा मुळात बघायला आणि लिहायला बांधली होती.

हे वाचताना मला बी.एड.चे सराव पाठ आठवले. मागच्या बाकावर मार्गदर्शक बसायचे, मांडीवर पाठ निरीक्षणाची वही. मी फळ्यावर चूक केली, मुलांनी गोंधळ घातला, खडू तुटला, तरी ते वर बघत आणि पुन्हा लिहीत. पाठ संपल्यावर वही हातात द्यायचे. त्यातले शेरे काही गोड नसत. एकदा त्यांनी लिहिलं होतं की मी मुलांना प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. पण पाठ चालू असताना ते मागून ‘अरे, आंधळा आहेस काय!’ असं ओरडले असते, तर मी आज शिक्षक नसतो. इतकं साधं मला रेषेवर उभं असताना सुचलं नव्हतं.

आता रहीम साहेबांविषयी. २०२४ साली ‘मैदान’ चित्रपट आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव आमच्या मुलांपर्यंत पोहोचलं. त्याआधी ते फुटबॉलच्या जुन्या शौकिनांपुरतंच राहिलं होतं. १९०९ साली हैदराबादेत जन्मलेला हा माणूस पेशानं शाळामास्तर. ज्या उस्मानिया विद्यापीठात त्या काळी शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं, तिथं ते शिकले, तिथल्या संघातून खेळले आणि मग शाळांमधून शिकवत राहिले. शारीरिक शिक्षणाकडे ते वळले ते मास्तरकी करता करताच. (आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर गणिताच्या सरांनी विचारलं, ‘मग तुम्ही कधी ऑलिंपिकला जाताय?’)

त्यांनी घडवलेला हैदराबाद सिटी पोलीस संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप घेऊन गेला. कूपरेजवर ते सामने पाहणारी पिढी आता जवळजवळ संपली. भारतीय संघानं त्यांच्या हाताखाली १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून दहा-एक असा मार खाल्ला, तेव्हा आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. आणि चारच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, यजमान ऑस्ट्रेलियाला चार-दोननं हरवून भारत उपांत्य फेरीत गेला. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत खेळणारा गोवेकर. शेवटी चौथा क्रमांक मिळाला. भारताला ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एवढं वर पुन्हा कधी जाता आलं नाही.

दहा-एकपासून चौथ्या क्रमांकापर्यंतचं अंतर रेषेवरून ओरडून कापता येत नाही. रहीम साहेबांनी हैदराबादेत वेगळ्याच स्पर्धा भरवल्या. एकीत ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू पायाशी खेळवत बसायचा नाही, आला की द्यायचा. दुसरीत नेहमीचा पाय वापरायचा नाही, कच्च्या पायानंच खेळायचं. मला यात शाळामास्तर स्पष्ट दिसतो. ‘पास दे, पास दे’ असं नव्वद मिनिटं ओरडण्याऐवजी त्यांनी असा खेळच मांडला की त्यात पास देण्यावाचून गत्यंतर नाही. भाषेच्या तासाला आपण हेच करतो. मूल सारखं एकच क्रियापद वापरत असेल तर ‘ते वापरू नको’ म्हणून कान पिळण्यापेक्षा, ते क्रियापद सोडून पाच वाक्यं लिही असा गृहपाठ द्यावा. निदान चांगले शिक्षक देतात.

पण माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला जकार्तात सापडलं. १९६२ चे आशियाई खेळ. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आपल्याकडचे ऑलिंपिक समितीचे सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली आणि सगळा राग भारतीय पथकावर निघाला. जमाव भारतीय दूतावासावर चालून गेला. ४ सप्टेंबरला अंतिम सामना दक्षिण कोरियाशी होता, ज्या संघानं गटात आपल्याला दोन-शून्यनं हरवलं होतं. स्टेडियममध्ये सुमारे एक लाख माणसं, आणि भारताच्या पायाला चेंडू लागला की सगळीकडून हुर्यो. पाकिस्तानचा हॉकी संघ तेवढा भारताच्या बाजूनं ओरडत होता, असं सांगतात.

त्या आवाजात रेषेवरून कोण काय सांगणार? चार पावलांवरच्या सोबत्याची हाकसुद्धा जिथं ऐकू येत नाही, तिथं प्रशिक्षकाचा आवाज असला काय आणि नसला काय. रहीम साहेबांना जे करायचं होतं ते शिट्टी वाजायच्या आत करून झालेलं असणं भाग होतं. आणि तसं ते झालं होतं. जर्नेल सिंग हा बचावपटू. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीम साहेबांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट आक्रमणात खेळवलं. दोन्हींत त्यानं गोल केला. तापानं अंग मोडलेल्या गोलरक्षक थंगराजला त्यांनी अंतिम सामन्यासाठी उभं केलं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल मारले. कोरियाचा एकमेव गोल अगदी शेवटाकडे झाला. दोन-एक. संघाचा कर्णधार चुनी गोस्वामी, बलराम होता, आणि टाटा संघाकडून खेळणारा गोव्याचा फोर्तुनातो फ्रँकोही.

सामन्याच्या आदल्या रात्री रहीम साहेबांनी खेळाडूंना जमवलं आणि त्यांच्याकडे एक भेट मागितली, सोन्याच्या पदकाची. ही आठवण त्या खेळाडूंनी पुढे आयुष्यभर सांगितली. आवाज चढवायला त्या माणसाच्या छातीत तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं. फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, ते गेले.

त्यांचेच शागीर्द पी. के. बॅनर्जी पुढे बंगालमध्ये नामांकित प्रशिक्षक झाले. त्यांच्या बोलण्याला तिथले लोक ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. हे टॉनिक द्यायची वेळ सामन्याआधीची, जागा ड्रेसिंग रूम. १९९७ साली कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला एक लाख एकतीस हजार प्रेक्षक होते. पीकेंच्या ईस्ट बंगालनं मोहन बागानला चार-एकनं हरवलं, भायचुंग भुतियानं तीन गोल केले. पुन्हा तोच गोंगाट, पुन्हा तेच.

कुणी म्हणेल, ॲलेक्स फर्ग्युसनचं काय? मँचेस्टर युनायटेडला त्यांनी ३८ करंडक मिळवून दिले आणि त्यांच्या ओरडण्याला ‘हेअरड्रायर’ असं नावच पडलं होतं. बरोबर आहे. २००३ च्या फेब्रुवारीत आर्सेनलकडून हरल्यावर त्यांनी लाथाडलेला बूट डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर लागला आणि त्याच उन्हाळ्यात बेकहॅम क्लब सोडून माद्रिदला गेला, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. तो क्लब कोट्यधीश, पंचविशी ओलांडलेल्या माणसांचा होता. बेकहॅमला दुसरा क्लब मिळाला. सातवीतल्या मुलाला दुसरी शाळा कुठून मिळणार?

तरी रेषेवरून शब्दच काढू नये, असं मी म्हणणार नाही. पाठीमागून येणारा खेळाडू दिसत नसेल तर ‘मागं!’ असं ओरडलंच पाहिजे. कधी कधी एका हाकेनं पोराचा धीर परततो. पण मी त्या दिवशी काय काय ओरडलो ते आठवून कागदावर लिहून काढलं, तेव्हा त्यातली दोन-तीनच वाक्यं मुलांसाठी निघाली. काही पालकांना ऐकवण्यासाठी होती, की बघा, मी सांगतोय, पोरं ऐकत नाहीत. उरलेली नुसती माझी भीती होती. हरलो तर मुख्याध्यापक काय म्हणतील, ही.

२०२० साली कोरोनात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा टीव्हीवर प्रशिक्षकांचे आवाज पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आले. मी तेव्हा गंमत म्हणून ऐकत होतो. आता कुणी माझा आवाज टेप करून मला ऐकवावा, असं वाटतं.

आता मी सामन्याला वही घेऊन जातो. कधी कधी जीभ सुटते, नाही असं नाही, मागच्या सामन्यात दोनदा सुटली. सरावाला ड्रिब्लिंगबंदीचा खेळ लावला. पहिल्या दिवशी मुलं वैतागली, तिसऱ्या दिवशी स्वतःच एकमेकांना चुका दाखवू लागली. तो सातवीतला, आता आठवीतला, मुलगा खेळायला येत नाही. पण गेले तीन शनिवार गोलमागच्या भिंतीवर बसलेला असतो आणि चेंडू बाहेर गेला की उठून आणून देतो. डाव्या पायानं मारतो, हे माझ्या गेल्या वेळी ध्यानात आलं. सामन्यात मी त्याला उजवीकडे ठेवला होता.

मी त्याच्याशी अजून बोललेलो नाही. काय बोलायचं ते ठरत नाही. येत्या शनिवारी चार नंबरचा टी-शर्ट पिशवीत टाकून नेणार आहे.