विंड्सब्राउट, डी (वाऱ्याची नवरी)

ऑस्ट्रियन चित्रकार ओस्कार कोकोश्का (१८८६–१९८०) यांचे तैलचित्र. काळ १९१३–१४, आकार १८१ × २२० सेंमी. ते स्वित्झर्लंडमधील बाझलच्या कलासंग्रहालयात आहे. जर्मनमध्ये ‘विंड्सब्राउट’ म्हणजे वावटळ. शब्द फोडला तर वाऱ्याची नवरी. अभिव्यक्तिवादी कलेतील शृंगाराचे इतके अस्वस्थ चित्र दुसरे सापडणे कठीण.

चित्रातली स्त्री म्हणजे आल्मा मालर, संगीतकार गुस्ताव मालर यांची विधवा. १९१२ च्या वसंतात तिचे सावत्र वडील, चित्रकार कार्ल मोल यांच्या व्हिएन्नातील घरी दोघांची गाठ पडली. ती कोकोश्कांहून सात वर्षांनी मोठी. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी तिला शेकडो पत्रे लिहिली आणि सात पंखे रंगवून दिले. त्यांतला एक पुढे आल्माचे पती झालेले वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांनी मत्सरापोटी जाळला. उरलेले सहा हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहेत.

शिंपल्यासारख्या एका भोवऱ्यात दोघे पडून आहेत, मागे डोंगर. ती त्याच्या खांद्यावर डोके टेकून गाढ झोपली आहे. तो, म्हणजे स्वतः कोकोश्का, मात्र टक्क जागा. त्याची हाडे निघालेली बोटे एकमेकांत अडकली आहेत. तिला धरायला हात मोकळाच नाही. तिची कांती नितळ, तर त्याचे अंग सोलून काढल्यासारखे, निळ्या-हिरव्या-करड्या रंगांच्या जाड फटकाऱ्यांनी घडवलेले. चित्रकार क्लिम्टच्या ‘चुंबन’मधील (१९०७–०८) जोडपे सोन्याच्या वर्खात सुखरूप गुंडाळलेले आहे. इथे तसे पांघरूण नाही. नग्नतेपेक्षा या जागरणातच चित्राची सारी कामुकता आहे, आणि भीतीही. चित्र चालू असताना कवी गेऑर्ग ट्राक्ल स्टुडिओत येऊन बसत. ‘विंड्सब्राउट’ हा शब्द त्यांच्या कवितेतही आला आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर कोकोश्कांनी हे चित्र हॅम्बुर्गच्या एका औषधविक्रेत्याला विकले आणि त्या पैशांतून घोडदळासाठी घोडा घेतला. ऑगस्ट १९१५ मध्ये पूर्व आघाडीवर त्यांच्या डोक्यात गोळी शिरली, छातीत संगीन घुसली. त्याच महिन्यात आल्माने ग्रोपियस यांच्याशी लग्न केले. पुढे कोकोश्कांनी म्यूनिकच्या हेर्मीने मोस यांच्याकडून आल्माच्या मापाची बाहुली करवून घेतली. पत्रांतून त्वचेच्या स्पर्शापर्यंत सूचना दिल्या. १९१९ मध्ये खोक्यातून निघाली ती पिसांची, केसाळ वस्तू. चरित्रकार या बाहुलीवर फार रेंगाळतात. तिच्यावरून केलेली चित्रे या चित्राच्या जवळपासही जात नाहीत.

पुढे चित्र हॅम्बुर्गच्या कलादालनात गेले. १९३७ मध्ये नाझी राजवटीने ‘अधःपतित कला’ ठरवून ते जप्त केले. १९३९ मध्ये संचालक गेऑर्ग श्मिट यांनी अशी जप्त झालेली एकवीस चित्रे बाझलसाठी विकत घेतली, त्यांत हेही होते. उतारवयात कोकोश्कांनी आल्माला संदेश धाडला, त्याचा आशय असा की बाझलमधल्या त्या चित्रात आपण दोघे कायमचे एकत्र आहोत.