कॅमेऱ्यापासून दूर गेलेला डोळा

सिनेमाचा इतिहास म्हटला, की नट-नट्या आठवतात, दिग्दर्शक आठवतात. कॅमेऱ्याखालच्या छोट्या मॉनिटरची आणि तो धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटची आठवण कुणी काढत नाही. आज तीच काढायची आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची, १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातली. गॅरेट ब्राऊन हा तिथला तरुण जाहिरातपट करी. चालता-फिरता कॅमेरा त्याला फार प्रिय. पण त्यासाठी त्याच्यापाशी होती ती सुमारे ८०० पौंडांची जुनी ट्रॉली. तिला रूळ हवेत, ढकलायला माणसे हवीत. बरे, कॅमेरा हातात घेऊन धावावे, तर प्रत्येक पावलाचा हिसका चित्रात उतरणार!

दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब काठी धरते, हे आपण पाहिले आहे. वजन जितके दूरवर पसरलेले, तितके ते चटकन कलंडत नाही. ब्राऊनने हेच तत्त्व वापरले. उभ्या दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला बॅटरी आणि गुरुत्वमध्याजवळ सर्व बाजूंनी सहज फिरणारी पकड. हा सारा डोलारा स्प्रिंगांच्या हाताने अंगातल्या जाकिटाला जोडलेला. पावलांचे हिसके स्प्रिंगाच गिळून टाकत.

एक अडचण मात्र उरली. कॅमेऱ्याला डोळा लावला, की डोक्याचा धक्का त्याला बसणार. न लावावा, तर चित्रात काय येते आहे ते कळणार कसे? ब्राऊनने आधी प्रकाशतंतूंच्या जुडग्यातून चित्र डोळ्यापर्यंत आणून पाहिले. पुढे ते दांड्याच्या तळाशी बसवलेल्या मॉनिटरवर दिसू लागले. खाली वजन नाहीतरी हवेच होते. आता त्या वजनानेच पाहण्याचेही काम केले.

ब्रॅकेटचे मोल कळते ते इथे. मॉनिटर हा तराजूच्या पारड्यातला मापाचा दगड. तो बोटभर सरकला, तरी दांडा कलतो आणि चित्रातले क्षितिज तिरपे होते. ब्रॅकेट सैल असेल, तर वळताना मॉनिटर थरथरतो आणि ती थरथर दांड्यावाटे कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. म्हणून मॉनिटर आणि बॅटरी समोरासमोर, एकमेकांना तोलून, घट्ट बसवावी लागतात.

ब्राऊनच्या नमुना-चित्रफितीत त्याची मैत्रीण एलेन फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर धावताना दिसे. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन यांनी ती पाहिली आणि १९७६ च्या ‘रॉकी’चा मुष्टियोद्धा त्याच पायऱ्या चढला. त्याच वर्षीच्या ‘बाऊंड फॉर ग्लोरी’त ब्राऊन क्रेनवरून खाली आला, उतरला आणि कॅमेऱ्यासह थेट गर्दीत शिरला, तेही एकाच सलग दृश्यात. १९७८ साली ‘स्टेडीकॅम’ला तांत्रिक कामगिरीचे ऑस्कर मिळाले. १९८० च्या ‘द शायनिंग’मध्ये कॅमेरा जमिनीलगत धावला आणि हॉटेलचे बोळ प्रेक्षकांच्या अंगावर आले.

आज लग्नाच्या मांडवातही मोटारींवर तोल सांभाळणारी यंत्रे फिरतात. त्यांत मॉनिटर बहुधा मुठीवर असतो, त्यामुळे चित्राचा तोल तो बिघडवत नाही. पण दांड्याचे जुन्या धर्तीचे यंत्र घेणाऱ्याने मॉनिटरच्या आकाराआधी ब्रॅकेट पाहावे. सगळे स्क्रू आवळावेत आणि मॉनिटरच्या कोपऱ्यावर हलकी टिचकी मारावी. टिचकी थांबल्यावरही तो डोलत राहिला, तर ते ब्रॅकेट दुकानातच ठेवावे. हात जितका आखूड आणि सांधे जितके कमी, तितके बरे.

पन्नासएक वर्षांपूर्वी डोळा कॅमेऱ्यापासून दूर झाला, तेव्हा कॅमेऱ्याला पाय फुटले. त्या दूर गेलेल्या डोळ्याला जागच्या जागी धरून ठेवायचे, एवढेच या ब्रॅकेटचे काम. तेवढे त्याने चोख केले, की प्रेक्षकाला त्याची आठवण होत नाही, आणि होऊही नये.