बुहफाई थाम
मिझोराममधील ख्रिस्ती मंडळ्यांतील मूठभर तांदळाच्या अर्पणाची प्रथा. मिझो भाषेत ‘बुहफाई’ म्हणजे तांदूळ, ‘थाम’ म्हणजे मूठ. सुरुवात १९१० च्या सुमाराची. स्वयंपाकाला तांदूळ काढताना घरची बाई एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते, मग उरलेले शिजवते. मंडळीतील स्त्रिया घरोघर जाऊन हे तांदूळ गोळा करतात. ते विकून आलेला पैसा सुवार्ताकार्याला जातो. देवाने दिलेल्याचे आपण फक्त कारभारी, ही शिकवण इथे प्रवचनापेक्षा चुलीपाशी अधिक ठसते. रोकड दुर्मीळ असलेल्या डोंगराळ खेड्यांत गरिबातल्या गरीब घरालाही त्यामुळे देणाऱ्यांच्या पंगतीत मानाने बसता आले. प्रथेचे खरे मोल तेच. प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट, दोन्ही मंडळ्यांत ती आजही चालू आहे.