न दुखणारी अक्कलदाढ : काढण्याच्या प्रथेचा इतिहास

अक्कलदाढ म्हणजे जबड्याच्या प्रत्येक बाजूची शेवटची, तिसरी दाढ. साधारणपणे वयाच्या सतरा ते पंचवीस वर्षांच्या दरम्यान ती उगवते. बहुतेकांना वर दोन आणि खाली दोन अशा चार अक्कलदाढा असतात. मात्र जगभरातील पाहण्यांचे आकडे एकत्र केले, तर सुमारे २२ टक्के लोकांत त्यांपैकी किमान एक मुळात तयारच होत नाही आणि सुमारे २४ टक्के लोकांत किमान एक दाढ हाडात किंवा हिरडीखाली अडकून राहते. वारंवार सुजणारी, पू धरणारी दाढ काढावी, यावर फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते मुळीच न दुखणाऱ्या दाढेबद्दल. अशी दाढ आधीच काढून टाकण्याची प्रथा विसाव्या शतकात रुजली आणि त्याच शतकाच्या अखेरीस तिच्यावर प्रश्नचिन्ह लागले.

अक्कलदाढेचा त्रास माणसाला फार जुना आहे. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात काप ब्लां येथे १९११ मध्ये हिमयुगातील एका स्त्रीचा सांगाडा सापडला. तो आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. तिच्या अक्कलदाढा वर आलेल्या नसल्यामुळे ती मुलगी असावी, असे बराच काळ मानले जाई. पुढे क्ष-किरण तपासणीत दाढा अडकलेल्या असल्याचे दिसले आणि ती पंचविशी ओलांडलेली स्त्री असल्याचे ठरले. सुमारे १३ ते १५ हजार वर्षांपूर्वीचे हे उदाहरण अडकलेल्या अक्कलदाढेच्या सर्वांत जुन्या ज्ञात उदाहरणांपैकी एक होय. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरील ग्रंथात या दाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात असे नोंदवले आहे. तरुणपणी न आलेली दाढ ऐंशी वर्षांच्या वृद्धेला तीव्र वेदनांसह आल्याचेही तो सांगतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शेवटच्या दाढेपाशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे ही लक्षणे असलेला ‘अधिमांसक’ हा रोग वर्णिलेला आहे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीला येणाऱ्या सुजेशी हे वर्णन बरेचसे जुळते. त्यावर वाढलेले मांस छेदून काढण्याचा उपचार सांगितला आहे. जास्तीचा दात तीव्र वेदनांसह येतो आणि उगवल्यावर वेदना शमतात, असा ‘वर्धन’ नावाचा विकारही तिथेच आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, कारण रक्तस्राव होऊन डोळ्याला आणि चेहऱ्याला अपाय होऊ शकतो, असा इशाराही सुश्रुताने दिला आहे. दात उपटण्यात असा धोका असल्याने न दुखणारा दात काढण्याकडे त्या काळी कल नसावा.

जबड्यात या दाढेला जागा का पुरत नाही, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात शोधले जाऊ लागले. चार्ल्स डार्विनने १८७१ च्या ग्रंथात अक्कलदाढा ऱ्हास पावत असल्याचे म्हटले आणि मऊ, शिजवलेल्या अन्नाशी त्याचा संबंध जोडला. पुढच्या संशोधनाने या मताला वेगळे वळण दिले. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील तरुणांच्या दातांची ठेवण तपासली. लहानपणी चावून खाण्याचे प्रमाण कमी झाले की जबडा पुरेसा वाढत नाही, असा या धाटणीच्या अभ्यासांचा रोख आहे. शेती करणाऱ्या समाजांतील लोकांचे खालचे जबडे शिकारी आणि कंदमुळे गोळा करणाऱ्या समाजांतील लोकांपेक्षा आखूड असतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक तुलनेतही दिसले. जागेची टंचाई रक्तातून उतरते तशी ताटातूनही येते.

वेदना नसताना दात काढायचा, तर आधी काढण्याची वेदना आटोक्यात यायला हवी होती. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे दंतवैद्य होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन याने ईथरची भूल जगापुढे आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड आइनहॉर्न याने तयार केलेले नोव्होकेन आले आणि १९४८ पासून लिडोकेन बाजारात मिळू लागले. रुग्ण जागा असतानाच जबड्याचा नेमका भाग बधिर करणे आता रोजचे काम झाले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन मिळू लागल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाची धास्तीही ओसरली.

दुसरा बदल क्ष-किरणांनी घडवला. व्हिल्हेल्म राँटगेनने १८९५ मध्ये हे किरण शोधले आणि जानेवारी १८९६ मध्ये ऑटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने दातांचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी तोंडात काच ठेवून २५ मिनिटे स्थिर राहावे लागले होते. फिनलंडच्या उर्यो पाटेरो यांच्या कामातून पुढे सगळा जबडा एकाच चित्रात टिपणारे यंत्र तयार झाले. आज दवाखान्यात ज्याला सरसकट ओपीजी म्हणतात ते हेच चित्र. हाडात आडवी झोपलेली, कधीही न दुखलेली दाढ प्रथमच डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही दिसू लागली. सेंट लुईसच्या जॉर्ज विंटर यांनी १९२६ मध्ये खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेवर मोठा ग्रंथ लिहिला. दाढ उभी आहे, पुढे कललेली आहे, मागे कललेली आहे की आडवी आहे, ही त्यांची वर्गवारी आजही शिकवली जाते. १९३३ मध्ये पेल आणि ग्रेगरी यांनी दाढेची खोली आणि जबड्यातील उपलब्ध जागा यांवरून दुसरी वर्गवारी दिली. दाढ काढणे किती कठीण आहे हे या पद्धतींनी कळू लागले. ती काढायला हवी की नको, हे मात्र त्यांतून ठरत नव्हते.

याच काळात न दुखणारे दात काढण्याला एका सिद्धांताचे बळ मिळाले. ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातील लपलेला संसर्ग शरीरभर आजार पसरवतो असे मांडले. पुढची दोन-तीन दशके सांधेदुखीपासून मनोविकारांपर्यंत अनेक दुखण्यांवर उपाय म्हणून दात काढले गेले. न्यू जर्सीतील ट्रेंटन स्टेट हॉस्पिटलमध्ये हेन्री कॉटन यांनी मनोरुग्णांचे दात मोठ्या प्रमाणावर उपटले आणि असंख्य माणसांना त्याची शिक्षा आयुष्यभर भोगावी लागली. हा सिद्धांत त्या टोकाच्या रूपात पुढे टिकला नाही. अपाय होईल या अंदाजावर अवयव काढताना पुरावा किती भक्कम असावा लागतो, याचा धडा त्याने कायमचा दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेगळे कारण पुढे आले. अक्कलदाढ उगवताना बाकीच्या दातांना ढकलते आणि पुढचे दात वाकडे होतात, ही समजूत पसरली. दातांना तारा लावून झाल्यावर अक्कलदाढा काढण्याचा सल्ला नित्याचा झाला. अमेरिकेत महाविद्यालयात जाण्याच्या वयात चारही दाढा एकदम काढून घेणे मध्यमवर्गात सर्वसाधारण गोष्ट बनली. नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची परिषद भरवली. केवळ पुढच्या दातांची गर्दी टाळण्यासाठी अक्कलदाढा काढण्यास फारसा आधार नाही, असे परिषदेने म्हटले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीनेही हेच दाखवले. दाढा काढलेल्या आणि ठेवलेल्या तरुणांच्या पुढच्या दातांत दखल घ्यावी असा फरक पडला नव्हता.

निर्णायक वळण मार्च २००० मध्ये आले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या पहिल्याच उपचार-मूल्यमापनात सांगितले की, आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा खबरदारी म्हणून काढणे सरकारी आरोग्यसेवेत थांबवावे. भरून न येणारी कीड, पू, गळू, शेजारच्या दाताची हानी, वारंवार येणारी सूज अशी कारणे असतील तरच शस्त्रक्रिया करावी, असे ठरले. अमेरिकेत २००७ मध्ये दंतवैद्य जे फ्रीडमन यांनी सरसकट दाढा काढणे हाच सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचे लिहिले. २००८ मध्ये अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने या प्रथेविरुद्ध ठराव केला.

ब्रिटिश धोरणाचे परिणाम दहा-बारा वर्षांत दिसू लागले. शस्त्रक्रिया थांबल्या नाहीत, त्या पुढे गेल्या. रुग्णांचे सरासरी वय पंचविशीवरून तिशीपलीकडे सरकले. पुढे कललेल्या अक्कलदाढेमुळे तिच्या शेजारच्या चांगल्या दाढेला मागच्या बाजूने कीड लागल्याची प्रकरणेही वाढली. दरम्यान नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी अक्कलदाढेचा काहीही त्रास नसलेल्या ३२९ जणांची तपासणी केली. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांत दाढेभोवती हिरडीची किमान पाच मिलिमीटर खोल खळगी आढळली. तिथे आजार मुकाट्याने सुरू झालेला होता. ‘दुखत नाही’ आणि ‘आजार नाही’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे यातून ठळक झाले.

पुरावा अजूनही तोकडा आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये घेतलेल्या आढाव्यात निकषांत बसणारे अभ्यास दोनच निघाले. निरोगी, न दुखणाऱ्या अडकलेल्या दाढा काढाव्यात की ठेवाव्यात, हे सांगायला ते अपुरे असल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणून रुग्णाला पर्याय समजावून सांगावेत आणि दाढ ठेवली तर नियमित तपासणी व्हावी, असे त्यात सुचवले आहे.

शस्त्रक्रियेच्या जोखमीही स्पष्ट आहेत. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठ आणि हनुवटीला संवेदना पुरवणारी नस जाते, तर आतल्या बाजूने जिभेची नस जाते. इजा झाली तर तिथे बधिरपणा येतो. तो बहुधा काही महिन्यांत ओसरतो, पण थोड्या रुग्णांत कायम राहतो. वय वाढते तसे हाड घट्ट होते, मुळे पूर्ण वाढतात आणि बरे व्हायला वेळ लागतो. मुळे नसेला चिकटून असल्याची शंका आली, तर त्रिमितीय स्कॅन काढतात. कधी दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळे जागीच ठेवतात.

भारतात दंतवैद्यकाचे आधुनिक शिक्षण डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. इथे दातांच्या उपचारांचा खर्च बहुतेक कुटुंबे स्वतःच्या खिशातून करतात. त्यामुळे दुखेपर्यंत थांबण्याकडे कल असतो आणि नियमित तपासणी मागे पडते. गुटखा, खर्रा आणि सुपारीमुळे तोंड उघडणे कमी झालेल्या रुग्णाच्या शेवटच्या दाढेपर्यंत पोचणे अवघड होते, ही अडचण महाराष्ट्रातील दंतवैद्यांना वारंवार भेडसावते.

आजच्या घडीला निर्णय चार गोष्टींवर ठरतो : दाढेभोवती किंवा शेजारच्या दाढेत आजाराची खूण आहे का, दाढ कोणत्या कोनात आणि किती अर्धवट उगवलेली आहे, नस किती जवळ आहे, आणि रुग्णाचे वय व प्रकृती कशी आहे. पूर्ण उगवलेली, ब्रशने स्वच्छ राहणारी, चावताना समोरच्या दाढेला भिडणारी दाढ ठेवली जाते. हाडात खोल, निरोगी असलेली दाढही सहसा ठेवून तिच्यावर लक्ष ठेवतात. अर्धवट उगवलेली, पुढे कललेली, अन्न अडकवणारी दाढ न दुखताही शेजारच्या दाढेला धोका ठरते आणि ती तरुण वयात काढण्याचा विचार करणे रास्त असते. ठेवलेल्या दाढेची ठरावीक काळाने तपासणी आणि गरजेपुरते क्ष-किरण चित्र हा निर्णयाचाच भाग होय. ती तपासणी होत राहिली, तरच न काढण्याचा निर्णय सुरक्षित ठरतो.